शेवग्यावर उतरलेल्या मधमाश्या

त्या वर्षी मी देवाशी अबोला धरला होता. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. आमच्या जळकोटकडची माणसं सवयीनं अजून उस्मानाबादच म्हणायची. पावसानं तर पाठच फिरवली होती. पण मला दुष्काळापेक्षा घोर होता तो माझ्या सासऱ्यांचा, मामांचा. सासूबाई गेल्यापासून त्यांनी खाट धरली होती. आजार म्हणावा असा काही नव्हता. बोलायचे नाहीत, दोन घासांवर जेवायचे नाहीत, डोळ्यांतून टिपूस नाही. मी खंडोबाला रोज विनवायचे. शेवटी दमले आणि हात जोडणंच सोडलं.

शेतातल्या आमच्या घराच्या दारात सासूबाईंनी लावलेला शेवगा होता. भांडी धुतलेलं पाणी मी त्यालाच घालायचे, म्हणून सगळ्या उजाड शिवारात तो एकटा फुलला होता. फाल्गुनातल्या एका सकाळी घूं घूं आवाज करत मधमाश्या आल्या आणि बघता बघता त्याच्या खालच्या फांदीला त्यांचा मोठा घोस लटकला. झाडाखाली बैल बांधलेले. आमच्या ह्यांनी घाईनं बैल सोडले आणि माश्या हाकलायला चूड पेटवायला घेतली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "जाळू नको रे! तुझ्या मायच्या झाडावर पाव्हणे आल्यात."

मामा भिंतीला धरून दारात उभे होते!

त्यांनी जुनं मडकं मागवलं, त्याला आतून गूळ चोळला. ह्यांनी गोवरीचा धूर धरायचा, मामांनी कडुलिंबाच्या डहाळीनं माश्या हळूच लोटायच्या आणि मडकं मी धरायचं, असं ठरलं.

"मामा, मला भ्याव वाटायलंय."

"हलू नको, माय. राणी आत गेली की समद्या तिच्या मागं जात्यात. देवाचं नाव घे."

येळकोट मोठ्यानं म्हणायचा असतो. मी तो ओठ न हलवता म्हटला. माश्या मनगटावरून, कोपरावरून गळ्यापर्यंत चढल्या. झटकायची सोय नव्हती, पळायची नव्हती. मग मी सगळं त्याच्यावर सोडून दिलं. एकही चावली नाही असं सांगणार नाही. मानेवर एकीनं डंख मारलाच. पण हात हलला नाही. हळूहळू सगळा घोस मडक्यात उतरला.

मामांनी माझ्या मानेवर चुना लावला आणि किती महिन्यांनी हसले. "तुझ्या सासूला बी पहिल्या बारीला मडकं धरताना मानेवरच डसली व्हती." एवढं बोलले आणि तिथंच जमिनीवर बसून लेकरासारखे रडले. ह्यांनी त्यांना कुशीत घेतलं. दुपारी त्यांनी आपणहून भाकरी मागितली.

त्या माश्या उन्हाळ्यात उठून गेल्या, पाऊसही पुढं बराच लांबला. मी मात्र देवाला काय दे, कसं दे, हे सांगायचं सोडलंय. त्यानं पाठवलेलं ओंजळीत येईस्तोवर हात स्थिर राहावेत, खंडेराया, एवढंच मागते.