बंद लॅपटॉपमधले नऊ टक्के

आमच्या लॅपटॉपच्या डाव्या बाजूला एक यूएसबी पोर्ट आहे आणि त्याच्या शेजारी बॅटरीचं बारीक चित्र. लॅपटॉप बंद केला तरी त्या पोर्टमधून वीज मिळते. माझे सासरे चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, दोन्ही कानांना मशीन. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना वाकायला मनाई आहे आणि त्यांच्या खोलीतला प्लग पलंगामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर. म्हणून ते संध्याकाळी लॅपटॉपवर पेपर वाचतात, तो बंद करतात आणि मशीन चार्ज करायच्या डबीची वायर त्या पोर्टमध्ये खोचतात. सकाळी मशीन चार्ज झालेली असते. कुणाला हाक मारावी लागत नाही, आणि त्यांना ते फार महत्त्वाचं वाटतं.

बॅटरीला हे किती पडतं ते मी मोजलं होतं. नुसता बंद लॅपटॉप सकाळपर्यंत दोन टक्के उतरतो, डबी लावली की सात. म्हणजे डबीचे पाच. नवऱ्याला ते पटत नव्हतं.

"बंद म्हणजे बंद. अशाने बॅटरी खराब होते."

"किती खराब होते? आकडा सांगा."

एका शनिवारी त्याने सेटिंगमध्ये जाऊन तो पोर्टच बंद केला आणि कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सोसायटीची सभा होती. विषय रीडेव्हलपमेंट. फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर, मत त्यांचं. सव्वाआठला त्यांनी मशीन कानात घातली आणि लगेच काढली. मशीन चार्ज झालीच नव्हती; पोर्ट बंद केल्याचं नवऱ्याने तेव्हा सांगितलं. लाइट सातलाच गेले होते. नवऱ्याची पॉवर बँक हिंजवडीला, ऑफिसच्या खणात. समोरच्या फ्लॅटमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी राहतात, पण त्यांना त्या दिवशी बिनप्रश्नांची सभा हवी होती. त्यांच्याकडे मी काही मागणार नव्हते.

"अगं, मी जातो ना," नवरा म्हणाला. "अधिकारपत्रावर बाबांची सही घेऊ, विषय संपला."

अधिकारपत्र टाइप होऊन तयार होतं, हे मला तेव्हा कळलं. पोर्ट त्याने मुद्दाम बंद केला असं मी म्हणत नाही. पण सही सोपी झाली होती हे खरं.

"काय म्हणतोय हा?" सासऱ्यांनी विचारलं.

मी एका पाकिटाच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: तुमच्याऐवजी हे मत देऊ का विचारतायत.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "मी बहिरा आहे, परगावी गेलेलो नाही," ते म्हणाले, आणि पाकीट मला परत दिलं.

लॅपटॉपमध्ये एकोणीस टक्के होते. आमचा लॅपटॉप जुना, चालू ठेवला असता तर पंधरा-वीस मिनिटांत मान टाकली असती. बंद ठेवला तर दहा टक्के उरेपर्यंत पोर्ट वीज देतो. म्हणजे हाताशी नऊ. सुरू होताना एक कळ दाबून धरली की सेटिंगचा काळा पडदा येतो. त्यात पोर्टची ओळ शोधायला मला चार मिनिटं आणि तीन टक्के लागले. पोर्ट चालू केला, लॅपटॉप बंद केला, वायर लावली. डबीवरचा दिवा लागला. आठ छत्तीस.

"शेवटी तासभराचंच चार्जिंग होणार," नवरा म्हणाला.

"सभाही तासभराचीच आहे."

पावणेदहाला डबी काढली. सासऱ्यांनी मशीन घातली आणि म्हणाले, "पंखा बंद आहे ना? मग कुरकुर कसली ऐकू येतेय?" पुटपुटणारा नवरा चपला शोधायला गेला.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. अर्ध्या तासाने सेक्रेटरी मोठ्या प्रेमाने म्हणाले, "आजोबांना त्रास नको. त्यांच्या मुलाने हात वर केला तरी चालेल."

"ऐकू येतंय," सासरे बसूनच म्हणाले. "मगाशी आपण म्हणालात, बांधकामाला तीस महिने. नंतर म्हणालात, बिल्डर भाडं देणार चोवीस महिन्यांचं. मधले सहा महिने आम्ही कुठे राहायचं? आपल्याकडे?"

कोणीतरी हसलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, हसू न आणता. सेक्रेटरी कागद चाळत राहिले. बिल्डरकडून लेखी खुलासा येईपर्यंत मतदान पुढे ढकललं गेलं. नवऱ्याने अधिकारपत्र घडी करून खिशात घातलं. हात वर करायची वेळच आली नाही.

घरी आल्यावर तो म्हणाला, "सगळ्यांसमोर वाईटपणा आला. आणि बॅटरीचं काय? ती जायचीच."

"जाईल तेव्हा नवी घालू. कधी जाते ते लिहून ठेवीन."

मी तेवढ्यावर थांबले नाही. त्याच दुपारी लाइट आल्यावर त्या काळ्या पडद्याला पासवर्ड घातला. तो मला आणि सासऱ्यांना माहीत आहे. नवऱ्याने त्यांना दोनदा विचारला. सासऱ्यांनी दोन्ही वेळा मशीन काढून हातात धरली आणि म्हणाले, "काय म्हणालास?"