सहीसाठी सोडलेली ओळ

जबलपूरच्या एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर मी सत्तावीस वर्षं काढली. जवळच्या शहपुऱ्याकडून ‘चमत्कारा’च्या बातम्या यायच्या. मी त्यातला चमत्कार कापून उरलेलं छपाईला द्यायचो… बहुतेक वेळा काही उरत नसे. त्यामुळे न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरासाठी आपण कधी लिहू, असं वाटलं नव्हतं. जे घडलं ते वेळेनुसार देतो. वेळा माझ्या खिशातल्या डायरीतल्या आहेत. नोंदी ठेवायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

माझे थोरले भाऊ – दादा – गढा भागातल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. वय एकाहत्तर. पित्ताशयातल्या खड्यांसाठी जबलपुरातल्याच एका खासगी रुग्णालयात त्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, सकाळी नऊला. साडेअकराला त्यांना वॉर्डात आणलं. खाट क्रमांक सहा, खिडकीजवळ.

पावणेबाराला मधुरा आली. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, वय पंचवीस-सव्वीस. छातीवरच्या पट्टीवर नाव आणि खाली ‘फिजिशियन असिस्टंट’. मराठी आडनाव पाहून दादांना हुरूप आला.

“तू डॉक्टर हायेस का नर्स?”

“दोन्ही नाही, काका. मधली.”

“मधली मंजे?”

“तपासणार मी, लिहिणार मी, सही सरांची.”

“मंजे काम तुझं आन् नाव त्याचं. आमच्या हेडमास्तरचं असंच होतं.”

“अच्छा, आता हसू नका. टाके दुखतील.”

तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत नाडी मोजली, पोट दाबून पाहिलं, फाइलमध्ये नोट लिहिली. नोटखाली एक ओळ कोरी सोडून तिच्या सुरुवातीला पेन्सिलने छोटी फुली मारली. सर्जन आले की त्या फुलीपुढे सही करत, आणि सही झाली की मगच नर्स त्या नोटवर काम सुरू करी. मला ही पद्धत ओळखीची वाटली. आमच्याकडेही संपादकांची आद्याक्षरं नसलेली कॉपी छपाईला जात नसे.

दोन वाजता मधुरा सांगून गेली, “सरांसोबत ओटीत, ऑपरेशनला, जाऊन राहिली मी. मोठी केस आहे, साडेचार होतील. काकांना चार वाजता घोट घोट पाणी द्या.” वॉर्डचे डॉक्टर रजेवर होते. त्यांचं काम तिच्याकडेच होतं, आणि ऑपरेशनला सर्जनच्या हाताखालीही तीच.

मी पेपर वाचत होतो. मान वर केली तर ती खाटेजवळ उभी. दाराचा आवाज आला नव्हता, पण माझं लक्षही नव्हतं.

“लवकर सुटलात?”

तिने दादांची खालची पापणी ओढून पाहिली. पोटावर हात ठेवला… बराच वेळ ठेवला. मग आपल्या मनगटाकडे पाहिलं. तिथे घड्याळ नव्हतं. तिने माझा हात वळवून घेतला आणि माझ्या सेकंदकाट्यावर दादांची नाडी मोजली. तिची बोटं कोमट होती. हे मुद्दाम लिहितो.

“किती वाजले, काका?”

“तीन दहा.”

तिने ती वेळ टाकून फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या. “यांना पाणी देऊ नका. थेंबभरही नाही. सरांना बोलवा.” आणि गेली.

नोट अशी होती: नाडी ११८, पोट ताठ, आत रक्तस्राव होत असावा, ताबडतोब सोनोग्राफी, रक्ताची सोय. खाली कोरी ओळ, पेन्सिलची फुली.

मी फाइल घेऊन नर्सकडे गेलो.

“सर का साइन नहीं है, भैया।”

“फोन लगाइए।”

तिने ओटीत फोन लावला. “मधुरा मैडम ने छह नंबर पर नोट लिखा है, अर्जेंट है…” मग नुसतं “अच्छा… अच्छा।” फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

“मैडम तो अंदर हैं। दो बजे से सर के सामने खड़ी हैं।”

“अभी यहाँ थीं।”

“मैंने नहीं देखा, भैया।” तिने येऊन दादांचं बीपी घेतलं. एकशे दहा. “बीपी ठीक है। किसी और का नोट इस फाइल में चढ़ गया होगा। सर आते ही दिखा देंगे।”

नोट नुसती बिनसहीची असती, तर सर्जननी कदाचित फोनवर ऐकून घेतलं असतं. पण ती लिहिणारी त्यांच्यासमोरच उभी होती, आणि आपण काही लिहिलं नाही असं सांगत होती.

तिथे मी भांडायला हवं होतं. भांडलो नाही. बिनसहीची कॉपी हातात धरून वाट पाहण्यात माझी सगळी नोकरी सरली होती. फाइल मांडीवर घेऊन बसलो.

साडेतीनला दादांनी डोळे उघडले. “पाणी दे रे.”

“नाही म्हटलंय.”

“कोनं?”

“मधुरानं.”

“काहून? चारला देतो म्हने ना?”

“आता नको म्हणाली.”

“दोन चमचे दे. कोनाला सांगत नाही मी.”

त्यांचे ओठ पांढरे पडत होते. मी दोनदा नर्सकडे जाऊन आलो. चारला बीपी नव्वद झालं. नर्स घाबरली. खालच्या मजल्यावरून डॉक्टर आले, त्यांनी सलाइन जोरात सोडलं, पण पोट उघडायचा निर्णय सर्जनचा. ओटीतून निरोप आला – सर का हाथ अंदर है, दस मिनट.

चार पस्तीसला सर्जन धावत आले. मागे मधुरा, कपाळावर टोपीच्या इलॅस्टिकचा वळ.

“ये कब लिखा तुमने?”

तिने फाइल ओढून घेऊन नोट दोनदा वाचली. पावणेपाचला दादांना आत नेलं. सहा चाळीसला ते गेले. कारण, पोटातला रक्तस्राव.

पुढे मी एरवी बातमी तपासायचो तसं सगळं तपासलं. ओटीच्या रजिस्टरात मधुरा दोन पाचला आत, चार पस्तीसला बाहेर. आत आणखी चौघं होती. चौघांशी वेगवेगळं बोललो, चौघांनी तेच सांगितलं. तिचं घड्याळ तेवढा वेळ लॉकरमध्ये होतं. मला झोप लागली असेल, असंही धरून पाहिलं… पण नोट कागदावर आहे. सहा नंबर, एकाहत्तर वर्षं, तीन दहा. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

दोन महिन्यांनी मधुरा गढ्याला घरी आली. नोकरी सोडली होती. मी नोटची झेरॉक्स पुढे ठेवली.

“अक्षर माझं आहे,” ती म्हणाली. “फुली पण माझीच. सर माझ्यापासून हातभर होते, काका. मला माहीत असतं तर…” मग झेरॉक्सची घडी करत, “पाणी मागत होते का ते?”

“हो. आत नेईपर्यंत.”

“दिलं तुम्ही?”

“नाही.”

सहीशिवाय पाळता येईल अशी तेवढी एकच गोष्ट ती सांगून गेली होती. ती मी पाळली.