मांडीवरचा फोन

संगीत महोत्सवात गाण्याआधी पुढाऱ्यांचं भाषण झालं. सीमेवर युद्ध पेटलं होतं. "जवानांसाठी मोबाइलचे दिवे लावा," ते म्हणाले आणि सगळा मंडप उजळला. माझाही हात वर गेला. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? शेजारच्या बाईंचा फोन मात्र मांडीवर तसाच पडून होता.

"लावा ना, काकू."

"बॅटरी थोडीच उरलीय गं. मुलगा तिकडेच आहे. त्याचा फोन आला तर?"

मी हात खाली घेतला. हजारो दिवे अजून वर होते, त्यांतला एकही तिकडून दिसणार नव्हता.

मग दिवे विझले, तानपुरे जुळले. वर्षभर जिची वाट पाहिली होती, ती गायिका गाऊ लागली. आणि मी त्या मांडीवर उजेड पडण्याची वाट पाहत बसले.