एका जुवाखाली दोन मलमं

मी बैलांच्या खांद्यांवर संशोधन केलंय असं सांगितलं, की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या खांद्यांकडे. बघू देत. भोरच्या शिक्षकाच्या घरात वाढलेली, जनावरांची डॉक्टर झालेली आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर पीएचडीचं खूळ डोक्यात घेतलेली बाई त्यांना रोज कुठे भेटते?

जू घासून घासून बैलाच्या मानेवर सूज येते, कातडं सोलवटतं, पुढे पुढे गाठ धरते. पुस्तकात या दुखण्याचं नाव लांबलचक आहे. वेल्ह्याकडे दोन शब्दांत काम होतं: खांदा आलाय. पाहुणा आल्यासारखं. मीही विचारायची, ‘कधी आला? किती दिवस राहणार म्हणतोय?’ म्हातारी माणसं हसायची आणि मग बैल बांधून द्यायची. जनावराला हात लावायच्या आधी मालकाला हसवायचं, हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालेलं नाही.

संशोधन असं होतं. प्रत्येक घरी दोन डब्या द्यायच्या, एक लाल झाकणाची आणि एक निळ्या. एकीत सूज उतरवणारं औषध घातलेलं मलम, दुसरीत बिनऔषधाचं, नुसतंच मलम. रंग तोच, वास तोच. कुठल्या डबीत काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. ते गुपित पुण्यात माझ्या सरांच्या कपाटात होतं. जोडीतल्या एका बैलाला लाल डबीतलं लावायचं, दुसऱ्याला निळ्या. गोठा एक, वैरण एक, काम एक. फरक फक्त मलमाचा. मग दर पाच दिवसांनी मी स्कूटरवरून जायची, धातूच्या चिमट्यानं सुजेची जाडी मोजायची आणि वहीत लिहायची.

गुंजवणी धरणाच्या अंगाला एक म्हातारा-म्हातारी होते. त्यांना मी बाबा आणि मावशी म्हणायची. त्यांचा एक बैल घरच्याच गाईचा, त्याला सगळे थोरला म्हणत. दुसरा बाजारातून आणलेला, तो धाकटा. दोघांचे खांदे आलेले. थोरल्याचा जुना आणि निबर. धाकट्याचा ताजा, लिंबाएवढा, हात लावला की कातडी थरथरायची.

त्या घराला घाई होती. मुलगा महामार्गावरच्या कंपनीत कामाला जायचा. त्यानं बापाला स्पष्ट सांगितलं होतं, भातलावणीआधीच्या चिखलणीपर्यंत धाकट्याचा खांदा बरा झाला नाही, तर दोघांना दोन घरी देऊन टाकायचं आणि नांगरटीचा टिलर आणायचा. मुलाचं काही चुकत नव्हतं. दुखऱ्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे मीच त्याला सांगितलं होतं. पण बाबा मला गोठ्याच्या कोपऱ्यात नेऊन म्हणाले, ‘बाई, जोडी मोडली तर थोरला खाणार न्हाई. म्या वळखतो त्याला.’

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, ‘बाबा, आपण खांदा उतरवू.’ शास्त्रज्ञानं असं वचन द्यायचं नसतं. पण माझ्यातली शास्त्रज्ञ नवी होती आणि नटी जुनी.

सूज म्हणजे काय, हे समजावताना तर मी गोठ्यात सगळा प्रयोगच लावला. ‘समजा, हितं आग लागली,’ मी धाकट्याच्या मानेकडे हात केला. ‘गाव कळशा घेऊन धावलं. गर्दी झाली, ती सूज. पळापळीनं घाम फुटला, ती ऊब. ढकलाढकलीत एकाचा पाय दुसऱ्यावर, ते दुखणं. आता आग विझली, तरी मंडळी घरी जाईनात. तिथंच गप्पा मारत उभी. औषध त्यांना सांगतं, बास झालं, घरी जा.’ बोलता बोलता मी खरोखरची कळशी उचलून गव्हाणीला दोन फेऱ्या मारल्या.

बाबांनी सगळं गंभीरपणे ऐकलं. ‘व्हय. माझ्या गुडघ्यात बी गाव जमलंय,’ ते म्हणाले. ‘त्येला बी लावू का?’

‘गप बसा,’ मावशी म्हणाल्या. ‘त्यांचं औषध खाऊ नका मुक्या जनावराचं.’

पहिले आठ दिवस सगळ्या बैलांना सक्तीची विश्रांती होती. दोन्ही सुजा उतरल्या, आणि त्याही जवळजवळ सारख्या. मी वहीत आकडे लिहिले आणि भुवया चढवल्या. मग हात लावून दुखत नाही असं बघून रोज सकाळी दोन तास हलकी नांगरट सुरू झाली. थोरल्याचा खांदा उतरतच राहिला. धाकट्याचा मात्र पुन्हा फुगला, लिंबू होतं तिथं मोसंबी दिसायला लागली. मी मनातल्या मनात नाचले! थोरल्याला लाल झाकण होतं. म्हणजे औषध लालमध्ये आणि ते काम करतंय. परतताना मी स्कूटरवर मोठ्यानं गात होते, धरणाकाठच्या बगळ्यांनी ते सहन केलं.

पुढच्या खेपेला जरा लवकर पोचले. मावशी गोठ्यात पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात पितळेची वाटी, दोन्ही डब्या उघड्या, आणि बोटानं त्या काहीतरी कालवत होत्या. वाटीतलं पिवळंधमक होतं.

‘मावशी, हे काय?’

‘मलम. लावायची येळ झाली न्हवं?’

‘कुठलं? लाल की निळं?’

‘दोनी,’ त्या अगदी प्रसन्नपणे म्हणाल्या. ‘सारखं सारखं घेती, कालवती. चिमूटभर हळद टाकती. अन् दोघांस्नी लावती.’

‘कधीपासून?’

‘पैल्या दिवसापास्नं.’

मी तिथंच शेणाच्या पाटीवर बसले. पालथी होती, ते नशीब.

‘मावशी, मी सांगितलं होतं ना? एकाला लाल, एकाला निळं.’

‘सांगितलं व्हतं की. पर बाई, पोळ्याच्या आदल्या दिशी आमी खांदं मळतो, तवा एकाला लोणी अन् एकाला त्याल लावतो व्हय? एका जुवाखालची हायेत ती. एकाचं बरं झालं अन् एकाचं न्हाई, तर तोंड कसं दाखवू म्या त्याला?’

मी तिथूनच सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, ‘ती जोडी वगळा आणि रकान्यात कारण लिहा.’ मी लिहिलं, ‘मालकिणीने भेदभाव करण्यास नकार दिला.’ सरांनी ते खोडून ‘नियमभंग’ लिहिलं. त्यांचंही बरोबरच होतं.

नियमाप्रमाणे डब्या परत घ्यायला गेले. मावशींनी दोन्ही घासूनपुसून, झाकणं लावून हातात ठेवल्या. ‘म्हंजी आमचा बैल नापास?’

‘बैल नाही हो मावशी. तुम्ही.’

त्या हसल्या नाहीत. धाकट्याकडे बघत म्हणाल्या, ‘मंग ह्याचं काय आता?’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संशोधनाच्या दुःखात मी दहा दिवस फुकट घालवले होते. दोघांना मलम एकच. अगदी हळदीसकट एकच. तरी थोरला बरा होतो आणि धाकटा सुजतो. म्हणजे कारण डबीत नव्हतंच. ते रानात होतं.

‘बाबा,’ मी हाक मारली, ‘औत कसं जुंपता ते जरा दाखवा.’

बाबा टाळायला लागले. ऊन झालंय, बैल पाणी पिऊन यायचेत, दोर ओला आहे. शेवटी मावशीच ओरडल्या, तेव्हा त्यांनी रिकामं जू आणि नांगर अंगणात आणून मांडलं. नांगराची दांडी जुवाला दोरानं बांधतात, ती बरोबर मधोमध. इथं दोराचा वळ मध्यापासून चांगला बाजूला होता, धाकट्याच्या अंगाला. मी माझी टेप काढली, पण बाबांनी ती लावू दिली नाही.

‘चार बोटं हाय,’ ते खाली बघत म्हणाले. ‘गेल्या साली थोरल्याचा खांदा आला, तवा म्या दोर सरकवला. त्याच्यावरचं वझं कमी व्हावं म्हून.’

‘म्हंजी म्या हितं वाटीत सारखं सारखं कालवतीया,’ मावशी कडाडल्या, ‘अन् तुमी तिकडं रानात असं? धाकटा इकत आणलेला म्हून व्हय?’

‘न्हाई गं,’ बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला, की मी उगाच टेप गुंडाळत बसले. ‘त्यो ताकदीचा हाय म्हून. मला वाटलं, त्याला कळायचं न्हाई.’

त्यानंतर मी तिथं साधी डॉक्टरीण म्हणून गेले. वही नाही, चिमटा नाही. दवाखान्यातलं नेहमीचं औषध, गार पाण्याच्या पट्ट्या आणि जुवाचं नावही काढायचं नाही. सूज दिवसागणिक बसत गेली. रविवारी मुलगा घरी असताना मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं बापाकडे एकदाच पाहिलं, चिडून नाही.

‘म्याडम, दोर मधी आणला तर थोरल्याला झेपंल?’

‘सगळं रान नाही झेपणार,’ मी खरं तेच सांगितलं. ‘त्याचं वय झालंय.’

त्यानं बोटांवर भातखाचरं मोजली. ‘मंग वरची मोठी तीन भाड्याच्या टिलरनं करू,’ तो म्हणाला. ‘खालची दोन बारकी ह्यांच्यासाठी ठेवू.’ ‘ह्यांच्या’मध्ये बैल होते की आई-बाप, ते मी विचारलं नाही.

चिखलणीच्या दिवशी मी बोलावणं नसताना गेले. खालच्या खाचरात पाणी भरलं होतं. बाबांनी आधी दोघांच्या मानेवरून तळवा फिरवला. धाकट्याची कातडी थरथरली नाही. जू ठेवलं, दांडी टेकवली आणि दोर सैल करून ती मध्याकडे सरकवली.

‘दोन बोटं,’ ते म्हणाले.

‘अजून,’ बांधावरून मावशी.

‘तीन.’

‘अवं, अजून.’

बाबांनी थोरल्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. मग त्यांनी चौथं बोट सरकवलं आणि गाठ आवळली. बाबांनी जिभेनं चक् केलं. थोरल्यानं मान खाली घातली, धाकट्यानंही घातली, आणि दोघं एकदमच चिखलात उतरले.