कातळावरची भरती

माझे मिस्टर नळदुर्गला फोटो स्टुडिओ चालवायचे. आसपासच्या गावांतली लग्नं, बारशी, साखरपुडे, सगळे फोटो त्यांच्याच हातचे. आधी त्यांना अंधार पडल्यावर दिसेनासं झालं. मग बाजूनं येणारी मोटारसायकल दिसेना. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याचा पडदा खराब होत चाललाय, औषध नाही. आता नळीतून बघितल्यासारखं तेवढं मधलं दिसतं, पुढं तेही जाईल.

आम्ही एसटीनं परतलो. दुसऱ्या दिवशी चहा घेताना ते म्हणाले, "जन्मभर लोकांची लग्नं काढली. एकदा समुद्राची लाट काढायचीय. खडकावर फुटलेली. जाऊ या का?"

"जाऊ की," मी म्हणाले. त्या दिवसांत त्यांनी काहीही मागितलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

रत्नागिरीच्या बाजूला एका लहान गावात आम्ही खोली घेतली. घरमालकीणबाईंनी आल्या आल्या बजावलं, "वरून बघा हवं तेवढं. खाली कातळावर उतरलात तर भरती लागायच्या आत वर या. पाणी मागून वाट अडवतं."

आमच्या माळावर असतो तसलाच काळा दगड, पण इथं तो एकाएकी तुटतो आणि खाली पाणी उसळत असतं. पहिल्या दिवशी त्यांचा दंड धरून मी कड्यावरच्या पायवाटेनं त्यांना हिंडवलं. एखादी बरी जागा सापडली की ते कॅमेरा लावायचे. पण लाट कुठून उठते ते त्यांना दिसायचं नाही. मी "आली!" म्हणायचे, ते बटण दाबायचे, तोवर ती फुटून गेलेली असायची. खोलीवर मी एकेक फोटो बघत गेले. नुसता ओला दगड.

"कसे आलेत?" त्यांनी विचारलं.

"बरे आलेत."

"खोटं बोलू नगंस."

दुसऱ्या दिवशी ते हट्टानं खाली उतरले. खालचा कातळ सपाट होता, मध्ये एक घळ होती, तीत घोट्याएवढं पाणी. ती ओलांडून आम्ही कडेपर्यंत गेलो. ते फोटो काढत राहिले. काही वेळानं घळीतलं पाणी हलायला लागलेलं मला दिसलं.

"अहो, चला आता. पाणी चढायलंय."

"एकच. शेवटचा."

ती लाट समोरून आलीच नाही. डाव्या अंगानं आली, त्यांना जिकडचं काहीच दिसत नव्हतं तिकडून. आम्ही दोघंही आपटलो. कॅमेरा दगडावर फुटला आणि पाण्याबरोबर ओढला गेला. त्यांचे गुडघे कालवांच्या धारदार शिंपल्यांनी सोलून निघाले. मी उठून मागं बघितलं, तर घळ भरलेली.

आम्ही एका उंच दगडाला पाठ लावून उभे राहिलो. प्रत्येक लाटेला पाणी कमरेपर्यंत यायचं. मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. समुद्राच्या आवाजात माझ्या मलाच ऐकू येत नव्हत्या.

"तू जा वर," ते म्हणाले. "मला ऱ्हाऊ दे इथंच."

"माणूस बोलावून आणू म्हणता व्हय? तोवर..."

"माणूस नगं. नुसती जा."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते घाबरलेले नव्हते. तेव्हा मला खरी भीती वाटली.

मी ओढणी सोडली, एक टोक त्यांच्या मनगटाला बांधलं, एक माझ्या. पाऊल टाकायला गेले की फिरतं पाणी बघून त्यांना गरगरायचं आणि ते थांबायचे. शेवटी मी ओरडले, "डोळे मिटा! मी सांगते तसा पाय टाका!" त्यांनी डोळे मिटले. लाट मागं हटली तशी मी घळीत उतरले. उजवा पाय, आता डावा, खाली खोल आहे, धरा मला. मध्येच पाणी छातीपर्यंत आलं, माझे पाय सुटले, ओढणीला हिसका बसला आणि ते घट्ट उभे राहिले म्हणून मी वाहून गेले नाही. मग कसं कुणास ठाऊक, पण आम्ही पलीकडं निघालो.

वर गवतात बसल्यावर ते हुंदके देऊन रडले. "अगं, मला ती दिसलीच न्हाय," म्हणाले. त्यांना जवळ घ्यावं की थोबाडीत मारावी, मला कळेना. मी त्यांच्या गुडघ्यातले शिंपल्याचे तुकडे काढत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मधलंही दिसायचं गेलं. स्टुडिओ बंद करून आम्ही बेंबळीजवळ शेतातल्या घरी राहायला आलो. ते शांत असतात, जेवतात, रेडिओ ऐकतात. एकदा मात्र सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "विहीर दारापासनं किती लांब हाय गं?"

त्याच आठवड्यात मी विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. लोकांना सांगितलं, शेळ्या पडतात. वेल्डिंगचा आवाज दुपारभर चालला होता. ते ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.