पाटलाच्या कोंबड्याचं वारंट

आता कुठून सुरू करू तुमीच सांगा! फजिती काय सांगून येती व्हय? बसा असे जवळ. ती पानाची चंची सरकवा हिकडं. आन् हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या, मला मधी कुनी तोडलेलं चालत न्हाई.

तर मी मूळचा बहुरूपी. बापजाद्यापासून आमचा तोच धंदा. सुगी झाली की खाकी कोट चढवायचा, छातीवर पितळी झाकनाचा बिल्ला लावायचा, लाकडाची बंदूक खांद्यावर घ्यायची आन् गावात शिरून आरडायचं, "कोन हाय रे घरात? तुमच्या मांजरानं सरकारी दूध पिलं! चला ठान्यात!" लोक हसून हसून लोळायचे. मग दंड म्हनून सूपभर जोंधळे झोळीत पडायचे. जोंधळे पडले की मी हात वर करून दुवा द्यायचो, "कनगी भरो! गाय वेवो! धन्याच्या घरी पाळना हालो!" झालं. चला फुडल्या घरी.

ह्या धंद्याची मेख एकच. आपन हसायचं न्हाई. आपलं तोंड जितकं गंभीर, लोक तितके जास्त हसनार. हे ध्यानात ठेवा, फुडं हीच मेख माझ्याच डोक्यात बसनार हाय.

मला ह्या धंद्यात काय वाईट दिसत नव्हतं. पन गोदाला दिसत व्हतं. गोदा म्हंजी आमची घरची. एका सुगीला मी माजलगावच्या अंगाला गेलतो, आन् अक्कल गहान ठेवल्यावानी तिच्याच माहेरच्या गावात सोंग घेऊन शिरलो. सासऱ्याच्या शेजाऱ्याला बेड्या घातल्या, जोंधळे घेतले, दुवा दिली. गोदा तवा माहेरीच व्हती. तिच्या मैतरनी म्हनल्या, "गोदे, तुझा दादला आलाय बग मागायला!"

बास! गोदा माहेरी व्हती ती तिथंच ऱ्हायली. निरोप तेवढा आला, "सोंग सोडा, नौकरी धरा. लोकाच्या सुपाफुडं उभं ऱ्हायचं बंद करा, मग मी येते."

आता बायकोबिगर घर कसं आसतंय, हे तुमाला काय सांगू? मी थापलेली भाकर आमचं कुत्रं हुंगायचं आन् माझ्याकडं कीव आल्यावानी बगायचं. आन् खरं सांगू का, भाकरीचं सोडा. मला तिच्याबिगर करमतच नव्हतं.

गेवराईत आमच्या शेजारी करीमचाचा ऱ्हायचे. तहसील कचेरीत जमादार. पांढरीशुभ्र दाढी, आवाज असा की बैल उठून उभा ऱ्हावा. त्यांचे पाय धरले. त्यांनी पेशकाराच्या, म्हंजी कचेरीतल्या मोठ्या कारकुनाच्या, कानावर घातलं आन् मला चपराशाची जागा मिळाली. पन कायम न्हाई बरं का. नवे तहसीलदार हैद्राबादहून आलते, त्यांच्या पयल्या दौऱ्यात काम नीट झालं तर कायम, न्हाईतर नारळ.

चाचांनी मग माझी तयारी सुरू केली. अंगनात उभं करायचे. म्हनायचे, "लिंबाजी, बकरी कू सलाम कर."

"बकरीला कावून चाचा?"

"बकरी के सामने जिसकी कमर झुकी, उसकी साब के सामने बराबर झुकती. कर!"

मी बकरीला वाकून सलाम करायचो आन् बकरी माझ्या पागोट्याचा शेमला खायची. अर्धं पागोटं तिच्या पोटात गेल्यावर मला सलाम जमला.

चाचांची शिकवन काय, तर हसायचं न्हाई, बडबड करायची न्हाई. "चपराशी कू मुँह नक्को, बिल्ला बोलता." आन् सगळ्यात मोठी ताकीद, "हात सिर्फ सलाम कू उठना. दुवा-फुवा दिया तो हात तोड देतूँ!"

मी म्हन्लं, "चाचा, तो लिंबाजी मेला. आता न्यारा लिंबाजी."

मेला कशाचा! चांगला धडधाकट व्हता भाड्या, नुसता निजला व्हता.

दौरा निघाला. साहेबांचा मुक्काम उमापूरच्या अलीकडं आमराईत ठरला व्हता, पन परवाला. साहेब जवान गडी, उतावळा. म्हनला, आजच चला. गेलो. तंबू ठोकले, आन् ध्यानात आलं की गावाला कायबी ठाऊक न्हाई! ना दूध, ना कोंबडी, ना घोड्याला चारा. साहेब सकाळधरनं उपाशी. तंबूत येरझारा घालाय लागला.

चाचा मला म्हनले, "जा, उमापूर के पाटील कू रसद समेत अभी के अभी ला. लाया तो नौकरी पक्की. नै लाया तो..." आन् त्यांनी गोदाच्या माहेराच्या दिशेला बोट केलं.

मी पळतच गेलो. पाटील वाड्याफुडं लिंबाखाली बसलेले, भवताली चार मंडळी. मी समोर ताठ उभा ऱ्हायलो, खाकी कोट, पट्टा, छातीवर बिल्ला. तोंड दगडासारखं केलं आन् म्हन्लं, "पाटील, सरकारी काम हाय. चला."

पाटलांनी माझ्याकडं बगितलं. मांडीवर थाप हानली. "आला बे! लिंब्या आला! आरं, यंदा सुगीच्या आदीच कावून आलास?"

"पाटील, मी खराच चपराशी हाय."

हा हा हा! सगळी मंडळी आडवी!

"साहेब आमराईत येऊन बसल्यात. रसद घेऊन चला."

"साहेब परवा येनार हायती, येड्या! सोंग घ्यायचं तर निदान वार तरी इचारून घ्यावा!"

मी बिल्ला दाखवला. पाटलांनी नखानं टिचकी मारली. "आयला! ह्या खेपेला झाकन चांगल्या भांड्याचं हाय!" मी हुकमाचा कागद काढला. तो उर्दूत. उर्दू वाचनारे कुलकर्नी गेलते लेकीच्या गावाला. तसा कागद तर मी दरसाल काढायचो, त्यालाबी कुनी भीक घालीना.

आता मला आला राग. कानशिलं तापली. "पाटील, माझी नौकरी जाईल वो! माझी बायको नांदायला यायची ऱ्हाईल!" माझ्या तर डोळ्यात पानीच आलं.

ते बगून पाटलांच्या डोळ्याला पानी आलं. हसून! "डोळ्यात पानी बी आनतोय बगा! बापाच्या वर गेलास लेका! आगं ए, घालगं ह्याला जोंधळे!"

आतून पाटलीनबाई सूप घेऊन आल्या. मी न्हाई न्हाई म्हनतोय तवर त्यांनी माझ्या कोटाच्या पदरात जोंधळे वतले. आन् काय सांगू तुमाला! जोंधळे पडल्याचा तो आवाज कानात शिरला आन् हात आपल्या आपन वर गेला! तोंड आपल्या आपन उघडलं! "कनगी भरो! गाय वेवो! धन्याच्या घरी पाळना हालो!"

झालं! आता परत्यक्ष नवाब आले आन् म्हनले का ह्यो चपराशी हाय, तरी उमापूरनं मानलं नसतं.

मी मटकन खाली बसलो. तिकडं साहेब उपाशी, तिकडं माहेरी गोदा, आन् हितं मी पदरात जोंधळे घेऊन बसलोय. मग म्हन्लं, खरं बोलून पाटील येत न्हाई ना? मग खोटं बोलून न्यावं!

ताडकन उठलो. "पाटील! तुमच्या कोंबड्याच्या नावानं वारंट हाय!"

"आं? त्यानं काय केलं?"

"भल्या पहाटं आरडून सरकारची झोप मोडली! कोंबडा हजर करा! त्याला सामील झाल्याल्या कोंबड्या बी हजर करा! कोंबड्यानं पळून जाऊन कडब्यात दडी मारली, कडब्याच्या पेंढ्या मुद्देमाल! वर दूध पिलं, चरवी मुद्देमाल! तुपाचं गाडगं साक्षीदार!"

गाव निस्तं खुळं झालं. जो तो आपल्या घरून मुद्देमाल आनायला पळाला. कडबा गाडीत चढला, दुधाची चरवी चढली, कोंबड्या पाय बांधून चढल्या, वर जोंधळ्याची सुपं चढली. मी पाटलांच्याच शेल्यानं पाटलांचे हात बांधले. पाटील खुशीत. कुनीतरी हलगी काढली. आन् निघाली वरात! फुडं हलगी, मागं मी, माझ्यामागं बांधलेले पाटील, त्यांच्यामागं आक्खं उमापूर. मी मनात म्हन्लं, लिंबाजी, तुझ्यासारखा हुशार चपराशी निजामाच्या राज्यात दुसरा नसंल.

आमराई आली. तंबू दिसले. पाटलांनी डोळे मोठे केले. "लिंब्या, तंबू बी आनलेस? लई खर्च केलास बे!"

हलगी ऐकून साहेब बाहीर आले. काळी शेरवानी, लाल रूमी टोपी, वठावर कोवळी मिशी, भुकेनं उतरल्यालं तोंड.

आन् मला तवा उमगलं की मी पाटलाला आनलंय, पन पाटलाला सांगायचं ऱ्हायलंय!

"पाटील, पाटील," मी कानात म्हन्लं, "हे खरे हायती."

"खरे! हा हा! आरं, ह्यो तर तुझ्यापेक्षा झ्याक सजलाय! मेव्हना का तुझा? मिशी कशानं चिकटवली बगू..." आन् पाटलांनी बांधलेले दोन्ही हात साहेबांच्या मिशीकडं नेले!

मी शेल्याला असा हिसका दिला की पाटील मागं कोलमडले. मिशी वाचली. पन पाटील गप बसतात व्हय? "ह्यालाबी घाला रे जोंधळे! लई गुनी लेकरू हाय!" कुन्या गड्यानं फुडं होऊन सूपच्या सूप साहेबांच्या अंगावर रिकामं केलं. साहेबांनी दचकून शेरवानीचा घेर फुडं धरला. जोंधळे सळसळत त्यात पडले.

आन् तो आवाज...

आता तुमीच सांगा, माझा काय कसूर? हात गेला वर! "कनगी भरो! गाय वेवो! साहेबाच्या घरी पाळना हालो!"

तेवढ्यात तंबूमागून करीमचाचा आले. पाटील त्यांना वळखत व्हते. त्यांच्याच हातून आजवर किती हुकूम घेतले व्हते! पांढरी दाढी दिसली आन् पाटलांचं हसू तोंडातच वाळलं. हलगी थांबली. नुसत्या कोंबड्या तेवढ्या बोलत व्हत्या.

साहेबांनी पदरातल्या जोंधळ्याकडं बगितलं, बांधलेल्या पाटलाकडं बगितलं, माझ्या वर गेलेल्या हाताकडं बगितलं. "जमादार, ये क्या है?"

माझ्या डोळ्याफुडं गोदा दिसली, पाठमोरी.

करीमचाचांनी दाढीवर हात फिरवला. आन् काय इमान त्या मानसाचं! डोळ्याची पापनी न हलवता म्हनले, "हुजूर, इस मुल्क का पुराना दस्तूर है. नया हाकिम आया तो पाटील हात बाँध के आता, के मैं सरकार का बंदा. गाँव बाजा बजाता. फिर हुजूर का दामन अनाज से भरता. और चपराशी दुवा देता, के हुजूर के घर औलाद हो."

साहेबांचं नुकतंच लगीन झाल्यालं. गडी कानाच्या पाळीपत्तुर लाल झाला. जोंधळे सांडू न देता हळूच म्हनला, "आमीन."

बगा! गड्याची वटी भरली आन् गडी खुश! पाटलांचे हात साहेबांनी सोताच्या हातानं सोडले. कोंबडी शिजली. साहेब पोटभर जेवले, पाटलांच्या पाठीवर थाप मारली, आन् मला म्हनले, "तुम पक्के."

मी आनंदानं उडी मारनार, तेवढ्यात साहेबांनी इचारलं, "अगले गाँव में भी ये दस्तूर होगा ना?"

चाचांनी माझ्याकडं बगितलं. मी चाचांकडं. साहेबाला झाडावर चढवलं, आता उतरवनार कोन?

झाली का पंचाईत? आता प्रत्येक मुक्कामाच्या आदी मी फुडं पळायचो. पाटलाच्या हातापाया पडायचो, "मालक, घडीभर हात बांधून घ्या, दोन सुपं जोंधळे तयार ठेवा, तेवढी हलगी लावा." कुनी हसायचं, कुनी शिव्या द्यायचं. पन साहेब आला, दामन धरून उभा ऱ्हायला, जोंधळे पडले की मी हात वर करून तयार. साहेब नेमानं आमीन म्हनायचा.

दौरा सरला. मला सुट्टी मिळाली. मी बिल्ला चिंचेनं घासून लख्ख केला आन् ऐटीत सासुरवाडी गाठली. सासरा वट्यावर बसल्याला. मला बगून कपाळावर हात मारला. "आलं का नवं सोंग!"

"मामा, सोंग न्हाई. कायम झालो."

गोदा उंबऱ्यात आली. माझ्याकडं बगीना, बिल्ल्याकडं बगाय लागली. पदरानं पुसून बगितला, उलटा करून बगितला. "खरा हाय," म्हनली. तिच्या गालावर खळी पडली. काय सांगू तुमाला, मला दौऱ्याचा सगळा शीण गेल्यावानी झालं!

आत गेली, गठुडं बांधाय लागली. बांधता बांधता सहज इचारलं, "काय काम आसतंय वो नौकरीत?"

मी छाती फुगवून सांगितलं. साहेबाच्या फुडं गावात जायचं, पाटलाला बांधायचं, सुपानं जोंधळे घालायला लावायचे, हात वर करून दुवा द्यायची, आन् फुडल्या गावाला निघायचं.

गोदाचा हात गठुड्यावरच थांबला. माझ्याकडं येकटक बगितलं.

"म्हंजी सगळं तेच की वो," ती म्हनली. "फकस्त झोळी तेवढी साहेबाची! मग आपलीच काय वाईट व्हती?"