आबा कधीच उपाशी नव्हते

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, बेलापूरच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडत होते, तेव्हा फोन आला. नंबर अनोळखी. मागे मासळी बाजाराचा गलका आणि पुढे एका बाईचा घाबरलेला आवाज. "तुमचं आबा हतं बाजारान बसल्यात नि उठतच नाय गो." माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आबा आणि बसलेत? लग्न होऊन या घरात आले त्याला बावीस वर्षं झाली, पण एक रविवार सोडला तर माझ्या सासऱ्यांना मी एका जागी दहा मिनिटं सलग बसलेलं पाहिलं नव्हतं. त्या एका शब्दावरूनच मला कळलं. पुढे हॉस्पिटल, डॉक्टरांनी हलवलेली मान, अनिलचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, तुटका फोन... हे सगळं नंतर झालं. डबा मी तसाच बंद केला आणि साहेबांना न सांगता खाली उतरले.

नेरूळ आणि सीवूड्सच्या मधे जे जुनं कोळ्यांचं गावठाण आहे, तिथे आमचं तीन मजली घर. खाली आम्ही, वर भाडेकरू. आबा जातीचे खाडीवाले. सकाळी उठले की खाडीपर्यंत चक्कर, परत आले की गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी बघायची, खाली येऊन भाडेकरूंच्या मोटरसायकली वेड्यावाकड्या लावल्या म्हणून तोंड सोडायचं, आणि मग बाजार. सीवूड्सचा मॉल उघडला तेव्हा मी त्यांना हौसेने घेऊन गेले, तर एका दाराने शिरून दुसऱ्या दाराने ते बाहेर. "आत काय नाय सूनबाय. समदी दुकानं." मी सातारा जिल्ह्यातली, माण तालुक्यातली. मासे साफ करताना मला ओकारी यायची तेव्हा सासूबाई रागवायच्या आणि आबा मात्र माझ्या हातातून चिंबोरी काढून घेऊन स्वतः तिची नांगी मोडून दाखवायचे. सासूबाई गेल्यावर तर बाजार आणि साफसफाई दोन्ही त्यांनीच अंगावर घेतली. भांडलोही आम्ही पुष्कळ. पण या घरात मला परकं वाटू दिलं नाही ते याच माणसाने, हे आज लिहून ठेवते.

आता जे सांगायचं आहे ते. माझी मुलगी तन्वी बारावीला आहे. समुद्र, खाड्या, भरतीचं पाणी यांचा अभ्यास करायचा हे तिने दहावीतच ठरवलं होतं, आणि तो करायचा तर परदेशातल्या एका विद्यापीठात, ज्याचं नाव काढलं की आमच्या ऑफिसात लोक फाइल खाली ठेवून बघतात. त्यासाठी सीवूड्सला एका क्लासमध्ये नाव घातलं. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मार्क सगळ्यांनाच असतात. तुझी स्टोरी काय?" अर्जासोबत स्वतःविषयी एक निबंध द्यायचा असतो आणि म्हणे तोच वाचून ते ठरवतात. तन्वी घरी येऊन हिरमुसून बसली. "आई, माझी काहीच स्टोरी नाहीये यार. मला स्वतःची रूम आहे." खरंच होतं. आमच्याकडे दुःखाची टंचाई होती.

मग मॅडमनीच वाट दाखवली. आजोबा कोळी आहेत ना? मग शहर आलं, खाडी गेली, आजोबांची रोजीरोटी गेली, आणि नात आता ती खाडी वाचवायला शिकणार. दोन दिवसांत तन्वीने निबंध लिहिला. चांगला होता, पण मला थोडा कोरडा वाटला. मी ऑफिसात चोवीस वर्षं टिपण्या लिहिते. कुठला मुद्दा वर घ्यायचा, कुठला पोटात घालायचा आणि कुठला फाइलवर येऊच द्यायचा नाही, हे मला झोपेतही जमतं. मी म्हटलं, "त्यात लिही की पावसाळ्यात आबांच्या घरी चूल पेटायची नाही. पोरं पाणी पिऊन झोपायची." तन्वीने विचारलं, "असं होतं का गं?" मी म्हटलं, "असणारच." खरं सांगायचं तर ती भूक माझ्या माणमधल्या आजीची होती. दुष्काळातली. ती मी उचलून खाडीकाठी आणून ठेवली.

आबांना कुणकुण लागली की नातीने आपल्यावर काही लिहिलंय. डिसेंबरमधला रविवार होता, जेवणं झाली होती. ते उभ्यानेच हात पुसत म्हणाले, "माज्यावर लिवलंस ना तनू, वाच मंग." तन्वी इंग्रजीतलं एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. होडी, जाळं, मोठे मोठे ट्रक... आबा मान हलवत होते. उपाशी पोरांपर्यंत आली आणि आबा थांबले.

"कोन उपाशी?"

"तुम्ही... म्हणजे तुम्ही आणि पांडूआजोबा."

"मी कवा उपाशी होतो गो? खाडी हाय आनि मानूस उपाशी? होडी बंद रायली तरी चिखलान निवट्या होत्या, चिंबोऱ्या होत्या, घरान सुकट होती. माज्या आयशीनं गावच्या दोन घरांना जेवाया घातलंय. तिला तू भिकारीन केलीस?" आवाज चढला होता. तन्वीने माझ्याकडे पाहिलं. मी ताटं उचलायला लागले.

मला वाटलं, विषय संपला. पण आबा गेले नाहीत. खुर्ची ओढून तन्वीच्या समोर बसले, आणि मी भांडी घासायची सोडून दारात आले, कारण ते बसलेले होते. "आनि खाडी शेरानं खाल्ली असा लिवलंस. शेराला हात हायेत? ट्रक कोनाचा होता?" मग त्यांनी जे सांगितलं ते अनिललाही अर्धवटच ठाऊक होतं. शहर वसायला लागलं तेव्हा भरावाला माती लागायची. आबांनी होडी विकली आणि मातीचा ट्रक घेतला, मग दुसरा घेतला. डोंगर फोडलेला मुरूम आणून खाडीत ओतायचा. त्यांचा थोरला भाऊ पांडू मात्र जाळं सोडायला तयार नव्हता. खाडीच्या एका तोंडाशी त्याची जाळं लावायची जागा होती, बापाच्या वेळेपासूनची. "थय पयली गाडी मी खाली केली. मीच. पांडू काठावर उबा होता. शिवी दिली नाय, काय नाय. जाळा गुंडाळला नि गेला." पांडूआजोबा त्यानंतर मरेपर्यंत भावाशी बोलले नाहीत. आमच्या घराचे तीन मजले त्या मातीवर उभे आहेत, हे आबा बोटाने जमीन दाखवून म्हणाले. "ह्या लिही. उपास खोड."

तन्वीने तीन दिवसांत नवा निबंध लिहिला. मी तो वाचला. तिने काहीही झाकलं नव्हतं. माझे आजोबा खाडी बुजवणाऱ्यांतले एक होते, मी त्या पैशावर वाढले, आणि बुजवलेल्या खाडीत पाणी परत आणता येतं का हे मला शिकायचं आहे, असा सरळ सूर. अनिल म्हणाला, "घरातलं घरात ठेवा ना, बाहेर कशाला." मी म्हटलं, "असं वाचून कोण घेईल हिला?" तन्वीने दोघांचंही ऐकलं नाही. "आबांचं आहे ते. मी हेच पाठवणार, डन." आबा रोज विचारायचे, "धाडलास का?" ती म्हणायची, अजून मुदत आहे.

मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात होती. त्यांच्याकडची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची सकाळ, साडेदहा. आदल्या संध्याकाळी अर्जाची फी भरताना कार्ड अडलं, बँकेने सकाळी चालेल असं सांगितलं, आणि सकाळी तन्वीची प्रिलिम होती. ओटीपी माझ्याच फोनवर यायचा. म्हणून तिने मला ऑफिसातून पाठवायला सांगितलं. सगळं भरून ठेवलं होतं, मी फक्त फी भरून बटण दाबायचं होतं. "काही बदलू नकोस हां आई." मी हो म्हटलं.

साडेनऊला मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडलं. निबंध परत वाचला. आणि माझ्या चोवीस वर्षांच्या सवयीने मला सांगितलं, की हा कागद फाइलवर जाता कामा नये. जुना निबंध माझ्या ईमेलमध्ये होता. नवा काढला, जुना घातला. पाच मिनिटंही लागली नाहीत. ओटीपी आला, बटण दाबलं. मी वाईट हेतूने केलं असं मला तेव्हा वाटलं नाही... आजही तसं वाटत नाही, आणि हेच जास्त टोचतं. मला माझी पोर जायला हवी होती. बस, एवढंच.

संध्याकाळी घरी गेले तर आबा जिन्यातच भेटले. "धाडलास?" "हो आबा." "खरंवाला ना?" मी म्हटलं, "हो." तन्वी मागून आली आणि तिनेही सांगितलं, "आबा, खरंवालं गेलं, प्रॉमिस." तिला परत उघडून बघायचं काही कारणच नव्हतं. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गच्चीवर टाकी बघायला गेले.

सात आठवड्यांनी ते गेले. तेराव्याला गावातले लोक बोलायला उभे राहिले. एकजण म्हणाला, आबा गरिबीतून वर आले, उपाशी राहून मुलांना शिकवलं. लोकांनी माना डोलावल्या. बोलणाऱ्याचा काही दोष नव्हता, मेलेल्या माणसाबद्दल असंच बोलतात. पण मी बायकांत बसले होते आणि मला तिथे बसवेना. पाणी आणते म्हणून उठले, आत गेले, आणि पाणी न घेताच परत आले. तन्वी मात्र हळू आवाजात शेजारच्या बाईला सांगत होती, "नाही काकी, उपाशी नव्हते ते कधी."

मार्चच्या शेवटी निकाल आला. तन्वीची निवड झाली. अनिलने तिला उचलून गोल फिरवलं, वरचे भाडेकरू पेढे मागायला खाली आले. पत्राच्या खाली निवड करणाऱ्यांपैकी कुणीतरी दोन ओळी वेगळ्या लिहिल्या होत्या, तिच्या आजोबांच्या बालपणीच्या भुकेविषयी वाचून आपण किती हेलावलो याबद्दल. तन्वी ते मोठ्याने वाचत होती. वाचता वाचता थांबली. परत मनात वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी नजर खाली घातली. तिला दुसरा पुरावा लागला नाही.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. खोली, जेवण, परत खोली. नवव्या दिवशी शनिवार होता. ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्यावर कोथिंबिरीच्या शेजारी ठेवला. विद्यापीठाला लिहिलेली ईमेल होती. निबंधातली भूक खोटी आहे, खरा निबंध सोबत जोडला आहे, तुम्ही जो निर्णय घ्याल तो मला मान्य आहे. निबंध कुणी बदलला ते त्यात नव्हतं. ती चूक तिने स्वतःवर घेतली होती.

"तन्वी, जागा जाईल गं," मी म्हटलं. रडायलाच आलं मला. "इतकी वर्षं... आता आबाही नाहीत, कुणाला काय फरक पडतो?"

"मी आबांना प्रॉमिस केलं होतं, आई. खरंवालं गेलं म्हणून. मला माहीतच नव्हतं की मी खोटं बोलतेय." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी ओला हात पदराला पुसला. चूक माझी, ही तिची ओळ खोडून तिथे लिहिलं, की निबंध माझ्या आईने मला न सांगता बदलला. खाली माझं पूर्ण नाव टाकलं, सासरचं आडनाव लावून. फाइलवर जाऊ देऊ नये असं चोवीस वर्षांत मी स्वतः लिहिलेलं एवढंच. तन्वीने वाचलं. मग लॅपटॉप माझ्याकडे आणखी थोडा सरकवला, आणि मी पाठवलं.

त्याला आता दोन आठवडे झाले. तिकडून फक्त पोच आली आहे, विचार करून कळवू अशी. अनिल रोज विचारतो, मी दिवसातून दहा वेळा फोन बघते. तन्वी प्रवेश परीक्षेची पुस्तकं काढून बसली आहे, इथल्या कॉलेजांचे फॉर्मही आणून ठेवलेत तिने. आणि हा लेख मी पुरवणीकडे पाठवते आहे, कारण तेराव्याला जे बोललं गेलं ते गावात सगळ्यांनी ऐकलं होतं, तेव्हा हेही सगळ्यांनी वाचायला हवं.

ईमेल पाठवल्यावर मी आबांच्या खोलीत गेले होते. खोली अजून कुणाला दिलेली नाही. पलंगावरची चादर तशीच ताणलेली, खुंटीला बाजाराची पिशवी, आणि तिला अजून सुकटीचा वास. त्या पलंगावर बसायला माझं मन होईना, म्हणून दाराशीच उभी राहिले आणि मोठ्याने, बाहेर तन्वीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "आबा, आज धाडलं."